एएमएच कमी आलं म्हणजे नेमकं काय कमी आलं?

आयव्हीएफच्या (टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराच्या) फाइलमध्ये सगळ्यात आधी उघडला जातो तो हार्मोन्सचा रिपोर्ट. एएमएच या हार्मोनचा आकडा ०.८ (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर), आणि त्याच्यापुढे लॅबने छापलेला खाली तोंड केलेला बाण. तो बाण बघितला की घरात एकच प्रश्न उरतो: मूल होणार की नाही? आणि त्याचं उत्तर त्या ०.८ मध्ये शोधलं जातं. ते तिथे नसतं. तिथे दुसऱ्याच एका प्रश्नाचं उत्तर असतं, आणि तो प्रश्नही कामाचाच आहे: इंजेक्शनं दिली तर साधारण किती स्त्रीबीजं हाती लागतील?

वंध्यत्वाच्या उपचारात केली जाणारी प्रत्येक हार्मोन चाचणी अशीच असते. ठरावीक दिवशी, ठरावीक निर्णयासाठी केलेली. पाळीच्या दुसऱ्या दिवशीचं एफएसएच (अंडाशयाला बीजं वाढवायला सांगणारं, मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीचं हार्मोन), ट्रिगरच्या (बीजं पिकवणाऱ्या शेवटच्या इंजेक्शनाच्या) दिवशीचं प्रोजेस्टेरॉन (गर्भाशयाचं अस्तर तयार करणारं हार्मोन), ट्रान्सफरनंतरचं (भ्रूण गर्भाशयात ठेवल्यानंतरचं) बीटा एचसीजी (गर्भ राहिल्याचं हार्मोन). दिवस चुकला किंवा प्रश्न बदलला की तोच आकडा दिशाभूल करतो. नेटवर 'नॉर्मल रेंज'चे तक्ते ढिगाने मिळतात, पण हा आकडा कशासाठी मागवला होता हे त्यात कुठेच लिहिलेलं नसतं.

एएमएच म्हणजे अँटी-म्युलेरियन हार्मोन. नाव पडलं ते भलत्याच कामावरून. पुरुष गर्भात म्युलेरियन नलिका (ज्यांच्यापासून गर्भाशय आणि गर्भनलिका बनल्या असत्या) जिरवून टाकायचं काम हे हार्मोन करतं. स्त्रीच्या शरीरात मात्र ते येतं अंडाशयातल्या छोट्या फॉलिकलांच्या (बीज वाढवणाऱ्या पिशव्यांच्या) ग्रॅन्युलोसा पेशींमधून. फॉलिकल साधारण ८ मिलिमीटरच्या पुढे गेलं की त्यातून एएमएच येणं जवळजवळ थांबतं. म्हणजे रक्तातलं एएमएच ही वाढीला लागलेल्या, पण अजून निवड न झालेल्या फॉलिकलांची शिरगणती आहे. शिरगणतीत डोकी मोजतात, डोक्यात काय आहे ते नाही. बीजाचा दर्जा, म्हणजे त्यातली गुणसूत्रं धड आहेत की नाहीत, हे मुख्यतः वयावर ठरतं. चाळिशी ओलांडल्यावर प्रयोगशाळेत तयार होणाऱ्या भ्रूणांपैकी निम्म्याहून अधिक भ्रूणांत गुणसूत्रांचा घोळ असतो, मग एएमएच ०.८ असो नाहीतर ४.

म्हणून २९ वर्षांच्या स्त्रीचं ०.८ आणि ४१ वर्षांच्या स्त्रीचं ०.८ हे कागदावर सारखं दिसलं तरी एक नव्हे. पहिलीकडे बीजं थोडी आहेत, पण त्यातली बरीचशी चांगली निघण्याची शक्यता आहे. दुसरीकडे बीजंही थोडी आणि चांगल्याचं प्रमाणही कमी. आयव्हीएफला कमी प्रतिसाद देणाऱ्यांच्या, २०१६ मध्ये आलेल्या पोसायडन वर्गीकरणाने नेमकी हीच फोड केली: एएमएच १.२ पेक्षा कमी किंवा सोनोग्राफीत दिसणारी छोटी फॉलिकलं ५ पेक्षा कमी असलेल्यांचे ३५ वर्षांच्या आतल्या आणि ३५ किंवा त्यापुढच्या असे दोन वेगळे गट. त्याआधी, २०११ च्या बोलोन्या निकषांत, हे दोघे एकाच टोपलीत पडायचे.

अंदाज वर्तवण्याची चाचणीची ताकद आकडेशास्त्रात ०.५ ते १ अशा मापावर मोजतात. ०.५ म्हणजे नाणेफेक, १ म्हणजे दरवेळी अचूक. 'बीजं कमी मिळतील का' या प्रश्नावर एएमएच ०.८ च्या आसपास पोचतं, म्हणजे चांगलंच. 'गर्भधारणा होऊन टिकेल का' या प्रश्नावर ते ०.५ आणि ०.६ च्या मध्ये घुटमळतं. वय माहीत असेल तर एएमएचने त्यात पडणारी भर फारच किरकोळ. नैसर्गिक गर्भधारणेच्या बाबतीत तर त्याहून स्पष्ट निष्कर्ष आहे. २०१७ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या, ३० ते ४४ वयाच्या ७५० स्त्रिया होत्या. त्यात एएमएच ०.७ च्या खाली असलेल्यांना दिवस राहण्याची शक्यता इतरांपेक्षा कमी आढळली नाही. तरीही लग्न ठरायच्या आधी, नुसतं 'बघून घेऊ' म्हणून हल्ली एएमएच करून घेतलं जातं आणि कमी आलं की घाबरगुंडी उडते. अशा वेळी ही चाचणी न केलेली बरी, असं आमचं स्पष्ट मत आहे. बीजं गोठवून ठेवायची असतील तर गोष्ट वेगळी. तिथे किती मिळतील हाच प्रश्न असतो.

मग बीजांच्या संख्येला एवढं महत्त्व का? कारण गळती. समजा १० बीजं काढली. त्यातली साधारण ८ परिपक्व निघतात. इक्सी (बीजात सुईने शुक्राणू सोडणं) केल्यावर ५-६ फलित होतात. पाचव्या-सहाव्या दिवशी ब्लास्टोसिस्टच्या (रुजायला तयार भ्रूणाच्या) टप्प्यापर्यंत २-३ पोचतात. हाच हिशेब ३ बीजांपासून सुरू केला तर शेवटी एक ब्लास्टोसिस्ट हाती लागतो, किंवा एकही नाही. ब्रिटनमधल्या सुमारे ४ लाख सायकलांचा (उपचाराच्या फेऱ्यांचा) अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. ताज्या (भ्रूण न गोठवता केलेल्या) ट्रान्सफरमध्ये जिवंत जन्माचं प्रमाण साधारण १५ बीजांपर्यंत वाढत जातं, पुढे स्थिरावतं आणि २० च्या पलीकडे घसरतं, असं त्यात दिसलं. एएमएचचा यशाशी संबंध आहे तो या वाटेने, आडवळणाचा. हाती आलेल्या २-३ भ्रूणांपैकी रुजणारं कोणतं, याबद्दल एएमएच मूग गिळून बसतं.

एएमएचचा खरा उपयोग डोस ठरवण्यात आहे. ३.४ च्या पुढचं एएमएच किंवा २४ च्या पुढची एएफसी (पाळीच्या सुरुवातीला योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयांत मिळून दिसणारी २ ते १० मिलिमीटरची फॉलिकलं) म्हणजे अंडाशय इंजेक्शनांना गरजेपेक्षा जास्त प्रतिसाद देण्याची शक्यता. यातच ओएचएसएसचा (अंडाशयांच्या अतिउत्तेजनाचा) धोका असतो: पोट फुगतं, वजन दिवसाला किलोच्या हिशेबात वाढतं, लघवी कमी होते, रक्त घट्ट होतं. हे टाळायला एफएसएचचा डोस कमी ठेवतात, अँटॅगोनिस्ट (बीज वेळेआधी फुटणं रोखणारं औषध) पद्धत वापरतात, ट्रिगरला एचसीजीऐवजी पिट्यूटरीलाच उसळी मारायला लावणारं अ‍ॅगोनिस्ट देतात आणि सगळे भ्रूण गोठवून ट्रान्सफर पुढच्या महिन्यात नेतात. पीसीओएस (अंडाशयात खूप छोटी फॉलिकलं साठण्याचा विकार) असलेल्या स्त्रीला 'एएमएच ९ आहे, मस्त आहे' असं सांगणारा नातेवाईक प्रत्येक घरात असतो. ते मस्त नसतं, ती सावधगिरीची सूचना असते.

फॉलिट्रोपिन डेल्टा या एफएसएच इंजेक्शनाचा डोस तर एएमएच आणि वजन यांच्या जोडगोळीवरच ठरतो. एएमएच १५ पिकोमोलच्या (सुमारे २.१ नॅनोग्रॅमच्या) खाली असेल तर वजन काहीही असो, रोज १२ मायक्रोग्रॅम. त्याच्या वर असेल तर दर किलोमागे ०.१९ पासून ०.१० मायक्रोग्रॅमपर्यंत उतरता. पण बीजांचा राखीव साठा कमी असलेल्यांना डोस वाढवून जास्त मुलं झाली का? नेदरलँड्समधल्या २०१७ च्या ऑप्टिमिस्ट चाचणीत एएफसीनुसार डोस ठरवून पाहिला. जिवंत जन्माच्या प्रमाणात फरक पडला नाही. जास्त प्रतिसाद देणाऱ्यांमध्ये डोस कमी केल्याने ओएचएसएस मात्र कमी झाला. म्हणजे हा आकडा सुरक्षितता वाढवतो. नसलेली फॉलिकलं तो आणि इंजेक्शनाचा डोस मिळूनही उभी करू शकत नाहीत.

आकडा चुकतो कुठे

पहिली चूक एककाची. काही लॅब एएमएच नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये देतात, काही पिकोमोल प्रति लिटरमध्ये. १ नॅनोग्रॅम म्हणजे ७.१४ पिकोमोल. रिपोर्टवर ५.७ छापलंय आणि एकक पिकोमोल आहे, तर ते ०.८ नॅनोग्रॅम झालं, म्हणजे कमी. एकक न बघता तेच ५.७ नॅनोग्रॅम समजलं तर पीसीओएस समजून डोस अगदी कमी ठेवला जाईल आणि दहाव्या दिवशी स्क्रीनवर दोनच फॉलिकलं दिसतील. एस्ट्राडायॉलचंही (वाढत्या फॉलिकलांतून येणाऱ्या हार्मोनचं) तसंच: १ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे ३.६७ पिकोमोल प्रति लिटर. प्रोजेस्टेरॉनमध्ये १ नॅनोग्रॅम म्हणजे ३.१८ नॅनोमोल. लॅब बदलली असेल तर जुना आणि नवा रिपोर्ट शेजारी ठेवून आधी एकक वाचावं, मग आकडा.

दुसरी चूक पद्धतीची. एएमएच मोजण्याची किट वेगवेगळ्या कंपन्यांची आहेत आणि एकाच नमुन्याचे आकडे त्यांत वेगवेगळे येतात. दोन वर्षांपूर्वी २.१ होतं आणि आता दुसरीकडे १.५ आलं, तर साठा झपाट्याने घटतोय असा निष्कर्ष लगेच काढू नये. त्यातला काही भाग वयाचा असेल, काही किटचा.

तिसरी गोष्ट बायोटिन. केसांसाठी, नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांत हे बी-गटातलं जीवनसत्त्व ५ ते १० मिलिग्रॅम इतक्या मोठ्या मात्रेत असतं. बऱ्याच यंत्रांची मोजणी बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिन या जोडीवर चालते. रक्तात बायोटिन जास्त असेल तर ते या जोडीच्या मध्ये घुसतं. परिणाम गमतीशीर, म्हणजे वाचायला गमतीशीर: एएमएच, एफएसएच, एलएच (बीज फुटायला लावणारं पिट्यूटरीचं हार्मोन), टीएसएच (थायरॉइडला चालवणारं हार्मोन) हे खोटे कमी दिसतात, एस्ट्राडायॉल आणि प्रोजेस्टेरॉन खोटे जास्त. एकाच रिपोर्टमध्ये ही सगळी विचित्र जुळणी दिसली तर औषधं बदलण्याआधी 'केसांसाठी काही घेताय का' हे विचारावं. अशी गोळी रक्त देण्याआधी किमान २-३ दिवस बंद ठेवणं पुरतं.

आणि चौथी, गर्भनिरोधक गोळ्या. त्या चालू असताना एएमएच बरंच खाली दिसतं आणि बंद केल्यावर वर यायला काही महिने लागतात. पाळी नियमित करायला म्हणून ३ महिने गोळ्या दिल्या आणि चौथ्या महिन्यात एएमएच केलं, असा क्रम फार दिसतो.

एफएसएच एकटं वाचायचं नाही

एफएसएच आणि एस्ट्राडायॉल पाळीच्या दुसऱ्या ते चौथ्या दिवशी एकत्रच करायचं असतं. का, ते या रिपोर्टवरून कळेल: तिसरा दिवस, एफएसएच ६.८, एस्ट्राडायॉल ११२ पिकोग्रॅम. ६.८ हा आकडा छान दिसतो. पण तिसऱ्या दिवशी एस्ट्राडायॉल ६०-८० च्या आत हवं. ते ११२ असण्याचा अर्थ, एखादं फॉलिकल वेळेआधीच वाढायला लागलंय किंवा आधीच्या पाळीची गाठ अजून हार्मोन सोडतेय. वाढलेलं एस्ट्राडायॉल पिट्यूटरीला गप्प बसवतं आणि एफएसएच दाबलं जातं. खरं एफएसएच कदाचित ११-१२ असेल. ते झाकलं गेलंय. ही खोटी समजूत टाळायलाच दोन्ही चाचण्या जोडीने करतात.

एफएसएच १० च्या वर जाणं म्हणजे पिट्यूटरीला अंडाशयाकडून काम करून घ्यायला जास्त ओरडावं लागतंय. पण ते महिन्यागणिक बदलतं. एका महिन्यात १४ आणि पुढच्यात ८ आलं तर १४ विसरून चालत नाही. एकदा वाढलेलं एफएसएच साठा कमी असल्याची खूण देऊन गेलेलं असतं. '८ येईपर्यंत थांबू आणि मग सायकल सुरू करू' याने बीजं वाढत नाहीत, महिने मात्र जातात. उलट टोकाला एफएसएच १.२ आणि एलएच ०.४ असा रिपोर्ट पाहून खूश होण्याचंही कारण नाही. तिथे पिट्यूटरी निरोपच धाडत नाहीये: वजन फार कमी, अतिव्यायाम किंवा मेंदूच्या पातळीवरचा दोष. अशा स्त्रीला नुसतं एफएसएच पुरत नाही, एलएचचं कामही इंजेक्शनातून द्यावं लागतं.

टीएसएच इंजेक्शनं सुरू व्हायच्या आधी करावं, मध्येच नाही. एस्ट्राडायॉल वाढलं की थायरॉइड हार्मोनला बांधून ठेवणारं प्रथिन वाढतं आणि टीएसएच वर सरकतं. आयव्हीएफच्या तयारीत ते २.५ च्या आत ठेवण्याची पद्धत आहे. मात्र थायरॉइडच्या अँटिबॉडीज आहेत पण टीएसएच नॉर्मल आहे अशांना थायरॉक्सिनची गोळी देऊन जिवंत जन्म वाढत नाहीत, हे २०१९ च्या टॅब्लेट चाचणीने दाखवलं आहे. प्रोलॅक्टिन किंचित वाढलेलं दिसलं तर लगेच गोळी सुरू करू नये. रिकाम्या पोटी, उठून तासा-दोन तासांनी, थोडा वेळ शांत बसून पुन्हा करावं. मळमळीची डोम्पेरिडोन किंवा मेटोक्लोप्रमाइड चालू आहे का ते बघावं. तरीही जास्त आलं आणि पाळी नियमित असेल तर लॅबला मॅक्रोप्रोलॅक्टिन तपासायला सांगावं. हे मोठ्या गाठोड्यातलं प्रोलॅक्टिन मोजलं जातं, पण शरीरात फारसं काही करत नाही.

पुरुषाच्या बाजूनेही दोन ओळी. वीर्यात शुक्राणूच नसतील तर एफएसएच ७.६ च्या वर आणि अंडकोषाची लांबी ४.६ सेंटिमीटर किंवा त्याहून कमी असेल तेव्हा दोष बहुधा निर्मितीतच असतो. एफएसएच कमी आणि अंडकोष नीट मोठे असतील तर वाट अडलेली असण्याची शक्यता जास्त. पण मायक्रो-टीसे (अंडकोषातून सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणू शोधण्याची शस्त्रक्रिया) करून शुक्राणू सापडतील की नाही, हे एफएसएचवरून सांगता येत नाही. खूप वाढलेलं एफएसएच असलेल्यांतही ते सापडतात. आणि टेस्टोस्टेरॉन कमी आहे म्हणून बाहेरून टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन देणं ही मूल हवं असलेल्या पुरुषाच्या बाबतीत थेट चूक आहे. त्याने पिट्यूटरी बंद पडते आणि असलेले शुक्राणूही नाहीसे होतात.

इंजेक्शनं चालू असताना

१९७८ च्या जुलैमध्ये जन्मलेली लुईस ब्राउन ही पहिली आयव्हीएफ मुलगी इंजेक्शनांशिवाय, नैसर्गिक पाळीतल्या एकाच बीजापासून झाली. ते बीज कधी काढायचं हे लघवीतलं एलएच दर थोड्या तासांनी तपासून ठरवलं होतं. आज एलएचची उसळी अँटॅगोनिस्टने दाबून ठेवतात आणि वेळ आपण ठरवतो. त्यामुळे नजर एस्ट्राडायॉल आणि प्रोजेस्टेरॉनवर गेली आहे.

ट्रिगरच्या दिवशी दर परिपक्व फॉलिकलमागे साधारण २०० ते ३०० पिकोग्रॅम एस्ट्राडायॉल अपेक्षित असतं. १० फॉलिकलं दिसतात आणि एस्ट्राडायॉल ७०० आहे, तर त्यातल्या काहींत बीजं नसण्याची किंवा कच्ची असण्याची शंका घ्यावी. फक्त एक अपवाद लक्षात असू द्या: लेट्रोझोल सोबत दिलं असेल तर एस्ट्राडायॉल मुद्दामच खाली ठेवलेलं असतं आणि हा हिशेब लागू होत नाही.

प्रोजेस्टेरॉनचा खरा प्रताप इथे दिसतो. ट्रिगरच्या दिवशी ते १.५ नॅनोग्रॅमच्या वर गेलं की ताज्या ट्रान्सफरमध्ये गर्भधारणेचं प्रमाण घसरतं. बीजं खराब झालेली असतात म्हणून नव्हे. त्याच बीजांपासून झालेले भ्रूण गोठवून पुढच्या महिन्यात ठेवले, किंवा दात्याचं बीज घेतलेल्या स्त्रीच्या गर्भाशयात ठेवले, तर ही घसरण दिसत नाही. बिघडतं ते अस्तर. प्रोजेस्टेरॉन आधीच वाढल्याने अस्तराचं घड्याळ पुढे जातं. भ्रूण पाचव्या दिवशी पोचतं तेव्हा रुजण्याची खिडकी बंद व्हायला लागलेली असते. आणि ते वाढतं का? अनेक फॉलिकलांच्या ग्रॅन्युलोसा पेशींना एफएसएचचा मारा झाला की त्या प्रोजेस्टेरॉन बनवतात. त्याचं पुढे अँड्रोजनमध्ये रूपांतर करायचं काम शेजारच्या थीका पेशींचं, आणि त्या एलएचवर चालतात. एलएच आपणच दाबून ठेवलंय. मग माल साठत जातो आणि रक्तात सांडतो. फॉलिकलं जास्त, शेवटच्या दिवसांत एफएसएचचा डोस जास्त, आणि 'अजून एक दिवस वाढू दे' म्हणून ट्रिगर लांबवणं, या तिन्ही गोष्टी त्याला हातभार लावतात.

समजा ट्रिगरच्या सकाळचा रिपोर्ट असा आहे: एस्ट्राडायॉल २,६००, प्रोजेस्टेरॉन १.९, फॉलिकलं १२. निर्णय सरळ आहे. ट्रिगर द्या, बीजं काढा, भ्रूण गोठवा, ट्रान्सफर पुढच्या पाळीत. १.४ किंवा १.६ आलं तर मात्र आकड्याकडे रेषा आखून बघू नये. इतक्या खालच्या पातळीवर यंत्रांची अचूकता बेताचीच असते. एकच नमुना दोनदा लावला तर १.४ आणि १.६ दोन्ही येऊ शकतात. शिवाय त्याच दिवशी सकाळी ते जास्त आणि संध्याकाळी कमी भरतं. एकाच स्त्रीचे आकडे एकमेकांशी ताडायचे तर वेळही एकच ठेवावी लागते.

ट्रिगरनंतरची चाचणी फारशी कुणी करत नाही. आमच्या मते ती करावी. बीजं काढायची असतात ३४ ते ३६ तासांनी. अ‍ॅगोनिस्ट ट्रिगर दिला असेल तर सुमारे १२ तासांनी एलएच बघावं. ते १५ च्या खाली असेल तर पिट्यूटरीने पुरेशी उसळी मारलेली नाही. एचसीजीचा ट्रिगर देऊन बीजं काढण्याची वेळ पुढे ढकलता येते. एचसीजीने ट्रिगर केलं असेल तर दुसऱ्या दिवशी रक्तात एचसीजी सापडायलाच हवं. शून्य आलं तर इंजेक्शन शरीरात गेलेलंच नाही. पावडर आणि पाणी वेगळं येणाऱ्या इंजेक्शनात घाईत नुसतं पाणीच टोचलं गेल्याचे प्रकार होतात. १२ फॉलिकलं रिकामी निघाल्यावर हे कळण्यापेक्षा आदल्या दिवशी कळलेलं परवडतं.

गोठवलेल्या भ्रूणाचं ट्रान्सफर

गोळ्यांनी अस्तर तयार केलेल्या सायकलमध्ये अंडाशयात बीज फुटलेलंच नसतं, त्यामुळे प्रोजेस्टेरॉन बनवणारं कॉर्पस ल्युटियमही नसतं. जे काही प्रोजेस्टेरॉन आहे ते बाहेरून दिलेलं. योनीमार्गे दिलेल्या कॅप्सूलचं प्रोजेस्टेरॉन थेट गर्भाशयात पोचतं आणि रक्तात कमी दिसतं, म्हणून अनेक वर्षं रक्त तपासण्याला अर्थ नाही असं मानलं जायचं. आता चित्र बदललं आहे. ट्रान्सफरच्या सुमारास रक्तातलं प्रोजेस्टेरॉन ९-१० नॅनोग्रॅमच्या खाली असणाऱ्यांमध्ये गर्भपात जास्त आणि जिवंत जन्म कमी आढळले आहेत. कमी आल्यास त्वचेखाली रोज २५ मिलिग्रॅमचं इंजेक्शन किंवा स्नायूतलं इंजेक्शन जोडतात. ट्रान्सफर रद्द करण्याची गरज सहसा पडत नाही.

इथे दोन फसगती हमखास होतात. एक म्हणजे वेळ: शेवटची कॅप्सूल कधी ठेवली आणि रक्त कधी काढलं, यावर आकडा बराच हलतो. सकाळची कॅप्सूल राहून गेली असेल तर रिपोर्ट कमी येणारच. दुसरी फसगत डायड्रोजेस्टेरॉनची. ही गोळी प्रोजेस्टेरॉनचं काम करते, पण लॅबची प्रोजेस्टेरॉन चाचणी तिला ओळखत नाही. फक्त डायड्रोजेस्टेरॉनवर असलेल्या स्त्रीचा रिपोर्ट ०.३ आला तर औषध लागू पडत नाही असं नाही. चाचणीच चुकीची मागवली आहे.

राहिलं बीटा एचसीजी. पाचव्या दिवसाचा ब्लास्टोसिस्ट ठेवला असेल तर साधारण ९ ते ११ दिवसांनी ही चाचणी होते. ताज्या सायकलमध्ये आधीच घाई केली तर ट्रिगरचंच एचसीजी सापडतं. १०,००० युनिटांचा अंश रक्तातून जायला १० ते १४ दिवस लागू शकतात. एकाच आकड्यावरून फार काही ठरवता येत नाही, ४८ तासांनी दुसरा हवा. 'दुप्पट झालंच पाहिजे' हा गैरसमज आहे. सुरुवातीचा आकडा १,५०० च्या आत असेल तर ४८ तासांत किमान ४९ टक्के वाढ ही चालू शकणाऱ्या गर्भाची खालची मर्यादा मानतात. १,५०० ते ३,००० मध्ये ४० टक्के, आणि त्याच्या वर ३३. म्हणजे १२० वरून १९० वर गेलेलं बीटा (५८ टक्के) दुप्पट नाही म्हणून रडण्यासारखं नाही. १२० वरून १५० झालं तर मात्र लक्ष ठेवायला हवं, आणि गर्भनलिकेतला गर्भ ही शक्यता सोनोग्राफीने निकाली निघेपर्यंत डोक्यात ठेवायला हवी. पोटात एका बाजूला दुखलं किंवा चक्कर आली तर पुढच्या रिपोर्टची वाट बघत बसू नये.

सोनोग्राफीत गर्भाचे ठोके दिसले की बीटा करणं थांबवा. ते ८ ते १० आठवड्यांच्या सुमारास शिखर गाठतं आणि मग गर्भ उत्तम वाढत असतानाही आपोआप उतरायला लागतं. अकराव्या आठवड्यात 'सहज' म्हणून केलेल्या चाचणीतला उतरलेला आकडा पाहून रात्रभर जागलेली जोडपी दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीला येतात, आणि स्क्रीनवर ते बाळ हातपाय हलवत असतं.